लहानपणी तुम्हाला पहिला पक्षी कुणी दाखवला? (विहिरीवरचे खोपे आणि तुमच्या आठवणी)

मळ्याचीवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं मनात होतं. पक्षी बघायचं वेड असलेल्या कुणालाही जरा खोदून विचारलं की मागे एक माणूस निघतोच, कुणाचे आजोबा, कुणाची मावशी, कुणाचे मास्तर, ज्यांनी पहिल्यांदा हाताला धरून उभं केलं आणि "तो बघ" म्हटलं. तुमचं ते माणूस कोण आणि पक्षी कोणता ते वाचायला फार आवडेल. आधी माझं सांगतो, जरा लांबणार आहे.

माझं आजोळ नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कॅनॉलखालचा भाग, म्हणजे जिकडे बघावं तिकडे ऊस आणि मधे मधे कडवळ, घास, बाजरी. १९८६ साली धाकटी बहीण व्हायची होती म्हणून आई माहेरी आलेली आणि मी जून ते दिवाळी तिथल्याच शाळेत तिसरीत. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि मळ्यात पळायचं. मळ्यातल्या विहिरीवरची मोट कधीच बंद झाली होती, पाणी मोटारीनं निघायचं, पण दगडी थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं ते कुंड, शाबूत होतं. आणि विहिरीच्या काठावर एक जुनी बाभूळ, पार आत ओणवलेली, तिच्या पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांना सुगरणींचे खोपे.

आजोबांना आम्ही आण्णा म्हणायचो. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला आले की ते मला थारोळ्यावर बसवायचे. "हालू नको, बोलू नको, त्यांना तुझी सवय झाली पायजे," एवढंच सांगायचे आणि पाण्याकडे निघून जायचे. पहिल्यांदा काहीच कळायचं नाही, नुसता किलबिलाट. मग हळूहळू एकेक पक्षी वेगळा दिसायला लागला.

नराचं डोकं पिवळंजर्द आणि तोंडावर काळपट तपकिरी मुखवटा, मादी मात्र चिमणीच्याच रंगाची. नर उसाच्या पातीवर बसायचा, कडेला चोचीनं बारीक खाच पाडायचा, ती कड चोचीत घट्ट धरायचा आणि उडायचा, त्याच्या उडण्याच्या जोरानं पातीची लांब पट्टी सोलून निघायची. ती घेऊन बाभळीवर. आधी फांदीला वेढे देऊन गाठी मारायच्या, मग खाली एक कडं विणायचं, मग त्या कड्याला छत आणि छताखाली एक आडवी दांडी. इथे येऊन काम थांबायचं! मला वाटायचं हा दमला की काय. आण्णा म्हणाले, "आता बाई बघायला येणार."

आणि खरंच यायच्या. माद्या आल्या की सगळे नर आपापल्या अर्धवट खोप्याखाली लटकून पंख फडफडवायचे आणि एकच गलका करायचे. मादी आत शिरायची, दांडीवर बसायची, दोनचार काड्या ओढून बघायची. पसंत पडलं तर दांडीच्या एका बाजूला अंड्यांची खोली भरली जायची आणि दुसऱ्या बाजूनं खाली लांब नळी निघायची, लांब मानेचा दुधी भोपळा उलटा टांगावा तसा पुरा खोपा दिसायचा. नापसंत झालं तर तो खोपा तसाच अर्धा राहायचा आणि नर शेजारी दुसरा सुरू करायचा. आण्णांनी मला विटकरीचा तुकडा दिला होता, थारोळ्याच्या दगडावर प्रत्येक खोप्याची एक खूण करायची, अर्धा असेल तर अर्धं गोल, पुरा झाला की खाली रेघ, सोडून दिला की फुली. पावसानं खुणा धुवून जायच्या, मग पुन्हा नीट बघून काढाव्या लागायच्या आणि त्या निमित्तानं कळायचं काय बदललं ते.

त्यांनी आणखी एक दाखवलं होतं जे मी आजही कुठलंही झाड दिसलं की तपासतो. सगळे खोपे बाभळीच्या पूर्वेच्या अंगाला होते. पावसाळ्यात वारा आणि झड येते पश्चिमेकडून, झाडाचा आडोसा मिळतो. खाली विहिरीचं पाणी, वर काटे, म्हणून पोरंसोरं आणि मांजर जाऊ शकत नाही. कावळा मात्र यायचाच. एकदा डोमकावळ्यानं एका पुऱ्या खोप्याचं पोट बाहेरून उसकटून काढलेलं मी बघितलं, सगळी वसाहत त्याच्यावर ओरडत होती, मीही थारोळ्यावर उभा राहून ओरडलो, त्याला कशाचं काही नव्हतं.

कितीतरी वर्षांनी कॉलेजात वाचनात आलं की डॉ. सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला ह्याच पक्ष्याचा सबंध हंगाम बसून अभ्यास केला होता आणि १९३१ मध्ये तो छापून आला. एक घर मादीनं घेतलं की नर पुढचं घर बांधायला लागतो, दुसरी मादी आली तर तिच्याबरोबर दुसरा संसार, हे त्यांनी तपशिलानं मांडलं. आण्णा चौथी शिकलेले. ते म्हणायचे, "हा गडी एका घरावर थांबत नाय." रोज त्याच जागी त्याच झाडाकडे बघणाऱ्या माणसाला काय काय कळतं ह्याचं मला तेव्हापासून फार अप्रूप आहे आणि माझं ठाम मत आहे की मुलांना पक्षी दाखवायचे तर एक जागा आणि एक हंगाम द्यावा, एका दिवसात पन्नास जातींची यादी नको.

तर आता तुम्ही सांगा.

तांबट_पुणे

काय सुंदर लिहिलंय! विटकरीच्या खुणा वाचून मी जागेवरून उठून बायकोला वाचून दाखवलं. आमच्याकडे आजी सांगायची की सुगरण चिखलात काजवे चिकटवते, रात्री उजेड पडावा म्हणून. ह्यात काही तथ्य आहे का? आणि बऱ्याच लोकांची समजूत असते की घर मादी बांधते, माझीही अगदी मोठेपणापर्यंत तीच होती.

मळ्याचीवाट

@तांबट_पुणे, धन्यवाद! विणकाम सगळं नराचंच, मादी आत आल्यावर थोडं मऊ अस्तर घालते, अंडी उबवणं आणि पिल्लांना भरवणं बहुतेक तिच्यावर. दोन ते चार पांढरी अंडी असतात. चिखल मात्र खरा आहे. अर्ध्या खोप्याच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात, वादळानंतर खाली पडलेल्या खोप्यांत मी बोट घालून बघितलेत, वाळून कडक झालेले असतात. हलक्या खोप्याला वाऱ्यात वजन मिळावं म्हणून ते असावेत असं काहींचं म्हणणं आहे. काजवा मला कधीच मिळाला नाही, आजीची गोष्ट गोड आहे म्हणून मुलांना सांगतो आणि मग मातीचा गोळा दाखवतो.

माळावरचा

माझा पक्षी माळढोक आणि दाखवणारे माझे चुलते.

आम्ही उत्तर सोलापूरचे. चुलत्यांची मेंढरं होती आणि सुट्टीत मी त्यांच्यामागं नान्नजच्या माळावर. १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं, त्यानंतर चारपाच वर्षांनी म्हणजे मी आठनऊ वर्षांचा असेन. पावसाळ्याचे दिवस, माळावर कुसळी गुडघ्याएवढी. चुलत्यांनी काठी आडवी धरून मला थांबवलं आणि हळूच म्हणाले, "खाली बस." बसलो. काहीच दिसत नव्हतं. मग लांबून एक घुमणारा आवाज आला, हूंम्, थोड्या वेळानं परत हूंम्, आणि गवताच्या वर पांढरीशुभ्र मान दिसली. नर होता. गळ्याची पिशवी फुगवून पार पायापर्यंत लोंबत सोडलेली, शेपूट पाठीवर उभारलेलं. एवढा मोठा पक्षी मी त्याआधी बघितला नव्हता, पूर्ण वाढलेल्या नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं हे नंतर कळलं. बराच वेळ तो तिथंच गोल फिरत होता आणि आम्ही मेंढरं दुसऱ्या अंगाला वळवून गवतात बसून राहिलो.

चुलत्यांचा एक नेम होता, माळढोकीण एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे ती जिथं बसलेली दिसली तिकडं त्या मोसमात मेंढरं न्यायचीच नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, अभयारण्याच्या आधीपासून ते असंच करायचे. माळावर धाविक, चंडोल, पखुर्डी, लांडगा, खोकड हे सगळं त्यांनीच दाखवलं.

आता माझ्या मुलाला तिथं नेऊन मी काय दाखवू? पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोक जड आणि समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना तारेवर आपटून मरतो. २०११ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, देशभरात दीडशेच्या आत राहिलेत आणि बहुतेक सगळे राजस्थानात. पडीक माळ म्हणजे वाया गेलेली जमीन असं आपण सगळ्यांनीच मानलं, सरकारी कागदावर पण आणि मनात पण, त्याची किंमत ह्या पक्ष्यानं मोजली. मला ह्या विषयावर बोलताना अजूनही घसा दाटतो.

शमा_नाशिक

@माळावरचा, वाचून खूप वाईट वाटलं. तुमच्या चुलत्यांना नमस्कार.

माझी आठवण नांदूर मध्यमेश्वरची, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा बंधारा. आत्या निफाड तालुक्यात शिक्षिका होती आणि डिसेंबरात शाळेची पोरं घेऊन चालत चापडगावच्या बाजूला जायची, त्यात मी पाहुणी. हजारो बदकं पाण्यावर आणि आत्या म्हणाली, "सगळी बघू नका, एकच निवडा आणि ते काय करतं ते मला येऊन सांगा." मी थापट्या निवडला, त्याची ती रुंद चपटी चोच पाण्यात ठेवून तो नुसता पुढे पुढे जात राहतो, चोचीच्या कडेला बारीक कंगवा असतो त्यातून पाणी बाहेर आणि खाणं आत. ते काम बघण्यात माझा सगळा दिवस गेला. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं तेव्हा मी आत्याला फोन केला, ती ऐंशीच्या घरात आहे, तिनं विचारलं "थापटे आले का यंदा?"

एक प्रश्न, थोडा वेगळा. पावसाळा संपल्यावर सुगरणीचे रिकामे खोपे घरी शोभेला आणले तर चालतात का? नर्सरीत आणि हायवेच्या कडेला विकायला असतात.

शिवडीकर

@शमा, माझं स्पष्ट मत, आणू नयेत. विकत तर अजिबात घेऊ नयेत. विकणारा खोपा रिकामा आहे की आत पिल्लं होती हे बघून काढतो असं समजायला काही आधार नाही, मागणी असली की हंगामातच फांद्या तोडल्या जातात.

तांबट_पुणे

मला वाटतं वाऱ्यानं खाली पडलेला खोपा शाळेत दाखवायला ठेवला तर हरकत नसावी. मुलांच्या हातात तो विणलेला तुकडा आला की त्यांचे चेहरे बघा. चोचीनं मारलेली गाठ बोटानं सोडवायला गेलं तर सुटत नाही!

मळ्याचीवाट

दोघांचंही पटतंय. पडलेला असेल तर शाळेसाठी जरूर न्या, झाडावरचा मात्र कधीच काढू नका, दिवाळीनंतर पण नाही. जुन्या खोप्यांत मनोल्या, चिमणीसारखे लहान पक्षी, राहतात, कधी तिथेच अंडी घालतात. दिसायला रिकामा, पण रिकामा असेलच असं नाही.

आणि शमा, तुमच्या आत्यांची "एकच निवडा" ही युक्ती मी आमच्या सोसायटीच्या पोरांवर वापरणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

शिवडीकर

आता माझी आठवण. बाबा पोर्टमध्ये कामाला, आम्ही शिवडीला क्वार्टरमध्ये. साल ९७-९८ असेल. मुंबईच्या पोरांना पक्षी म्हणजे कावळा, कबूतर, घार असं लोक म्हणतात, आम्हाला मात्र जेट्टीवर गेलं की समोर चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! छोटे रोहित जास्त, त्यांच्यात मोठे थोडे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ते तिथे मोठ्या संख्येनं यायला लागले होते आणि तेव्हा शहरात फार जणांना पत्ता नव्हता. हार्बर लाइनच्या गर्दीतून उतरणाऱ्या माणसाला कल्पना नसायची की पूर्वेला दहापंधरा मिनिटं चाललं तर हजारो गुलाबी पक्षी उभे आहेत.

आम्हाला दाखवले ते जेट्टीवर जाळी विणत बसणाऱ्या एका कोळी काकांनी. त्यांनी पक्षी दाखवायच्या आधी पाणी शिकवलं. तिथी सांगायचे, आज भरती किती वाजता, उद्या साधारण पाऊण तासानं पुढे, उधाणाच्या भरतीत चिखल पूर्ण बुडतो मग ते दुसरीकडे जाऊन उभे राहतात, ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो तसे मागे मागे सरकतात. म्हणजे जवळून बघायचे तर भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोनेक तास. अजूनही ठाण्याच्या खाडीत कुणाला पक्षी दाखवायला न्यायचं झालं तर मी आधी भरतीचं वेळापत्रक बघतो आणि मग सुट्टीचा दिवस.

चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ खातात, त्या खाण्यातल्या रंगद्रव्यानं गुलाबी होतात. पिल्लं राखाडी असतात. काका सांगायचे "ते करडे दिसतात ना, ते ह्या वर्षीचे, त्यांना अजून रंग चढायचाय." मी आणि माझी बहीण करडे मोजायचो.

ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. शिवडीच्या जेट्टीवरून आता अटल सेतू गेलाय. पक्षी येतात, नोव्हेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतात, पण खाडीच्या दोन्ही काठांवरची मोकळी पाणथळ जागा कमी होत चाललीये आणि उधाणाच्या भरतीला त्यांनी उभं राहायचं कुठे हा प्रश्न खरा आहे. नवी मुंबईतल्या तळ्यांसाठी जे लोक धडपडतात त्यांच्या पाठीशी आपण उभं राहायला हवं, निदान सह्या करायला तरी.

धानाचीबांधी

गोंदिया जिल्ह्यातून लिहून राहिलो. आमचा पक्षी सारस. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्याच भागात उरला, गोंदिया आणि भंडाऱ्याच्या कडेला.

आमच्या मोठ्या बाबांच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी घरटं करे. रोवणी झाल्यावर बांधीत पाणी साचलेलं राहते, त्यात ते धानाचे आणि गवताचे बुडखे उपटून ढीग घालतात आणि त्यावर अंडी, बहुतेक दोन. माणसाएवढा उंच पक्षी, लाल डोकं, आणि दोघं मिळून ओरडले की गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आवाज जाते. साहजिक आहे की तेवढा धान जातो. गावात काही लोक म्हणत हाकलून द्या. मोठे बाबा म्हणत, "किती जागा घेतली त्यानं? एका खाटेची. घेऊ दे." निंदणीच्या बाया पण त्या कोपऱ्यात जात नसत. महिनाभर दोघं आळीपाळीनं बसतात, एक बसला की दुसरा बांधावर उभा.

आम्हा पोरांना एकच काम होतं, कुत्र्यांवर लक्ष ठेवायचं. शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर. पिल्लं निघाली त्या दिवशी मोठ्या बाबांनी आम्हाला बांधावरून लांबूनच दाखवलं, पिवळट तपकिरी, पाण्यात मायबापाच्या मागे चालून राहिलेली. आता आमच्या भागात मोजकेच सारस उरले. कीटकनाशकं, तलावांवरची अतिक्रमणं, विजेच्या तारा इथे पण तेच कारण आहे जे माळढोकच्या भाऊंनी लिहिलं. पण गावोगावचे तरुण पोरं आता घरटी राखतात, शेतकऱ्यांशी बोलतात, दर उन्हाळ्यात मोजणी होते. मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बोड्या (लहान तळी) राखल्या तर सारस राहील, हे मी खात्रीनं सांगतो.

मळ्याचीवाट

@धानाचीबांधी, "एका खाटेची जागा". हे मी लिहून ठेवलं दादा. एक विचारायचं होतं, उन्हाळ्यात बांध्या सुकल्यावर जोड्या कुठे जातात?

धानाचीबांधी

मोठ्या तलावांवर आणि नदीच्या पात्रात जमतात. म्हणून तर मोजणी उन्हाळ्यात, तेव्हा पाणी थोड्याच ठिकाणी राहते आणि सारे एकत्र सापडतात. सकाळी अंधारात जाऊन बसावं लागते.

सातपुडा_शहादा

सगळे प्रतिसाद वाचले, मन भरलं. आमच्या गावाची गोष्ट तर जगभर गाजलेली आहे म्हणून सांगतो.

रानपिंगळा, एक लहान घुबड, १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता, तो संपला असंच मानलं जायचं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे अमेरिकेचे लोक शोधत शोधत आले आणि शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला त्यांना तो सापडला, ११३ वर्षांनी! तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. मी सातवीत. आम्हाला आधी काहीच माहीत नव्हतं, नंतर पेपरात आलं आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी ते कात्रण वर्गात फिरवलं.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात आम्हाला तोरणमाळच्या रस्त्याला घेऊन गेले. बरोबर एक पावरा आदिवासी आजोबा होते, त्यांच्याच शेताजवळून वाट होती. सरांनी आधी फळ्यावर दोन चित्रं काढून फरक घोटून घेतला होता, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळपास सपाट रंगाचं, पंखावर आणि शेपटीवर जाड पट्टे. आणि महत्त्वाचं, तो दिवसा फिरतो. आम्ही सागाच्या पानगळीतून हळू चालत होतो आणि ते आजोबाच थांबले, उन्हात उघड्या फांदीवर तो बसलेला होता, शेपूट झटक्यानं इकडून तिकडे हलवत. सरांनी एकेकाला पुढे बोलावून दुर्बिणीतून दाखवला, वर्गातल्या प्रत्येकाला. ज्यांनी बघितला तो मागे जाऊन बसायचा आणि कुणी एक शब्द बोललं नाही, सातवी-आठवीची पोरं!

मला राहून राहून वाटतं की शास्त्रज्ञांनी तो शोधला हे तर थोरच, पण त्या आजोबांच्या डोळ्यांसमोर तो कायमच होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. नंतर मेळघाट, यावल, अगदी इकडे ठाणे जिल्ह्यातल्या तानसापर्यंत तो सापडला.

फेरीबोट_गोवा

आमचं घर चोडणला. रायबंदरहून फेरीबोट घेतली की पाचेक मिनिटांत बेट, आणि तिथेच डॉ. सालिम अलींच्या नावाचं अभयारण्य, १९८८ चं, सगळं खारफुटीत. मला पक्षी दाखवले आईनं. ती भरतीला होडीतून मानशीकडे (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराकडे) जायची तेव्हा मला पुढे बसवायची. खंड्याच्या किती जाती एका पाण्यावर असतात ते मला तिनं रंगावरून शिकवलं, नावं तिलाही ठाऊक नव्हती, ती म्हणायची हा काळ्या टोपीचा, हा पांढऱ्या गळ्याचा, हा करकोच्याच्या चोचीचा. आज यादीत टाकायला नावं मला येतात पण मनात मी तिच्याच नावांनी ओळखते.

एडिसनकर

मी न्यू जर्सीहून. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, इथे अंगणात रॉबिन आणि कार्डिनल येतात, ती मर्लिन ॲप लावून आवाज ओळखते आणि मला नावं सांगते. ॲप वाईट आहे असं मला वाटत नाही, पण वरचं सगळं वाचून वाटलं की नाव कळलं की तिचं बघणं थांबतं, पुढचं नाव, पुढचं नाव. ह्या डिसेंबरात आम्ही पुण्याला येतोय तीन आठवडे. तिला काय दाखवू, कुठे नेऊ, आणि दुर्बीण घ्यावी का? घेतली तर कोणती?

शिवडीकर

दुर्बिणीचं सांगतो. मोठ्यांसाठी ८x४२ सगळ्यात सोयीची, पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीच्या मागे लागू नका, लहान हातात चित्र हलतं आणि मुलं कंटाळतात. आठ वर्षांच्या मुलीला ८x३० किंवा ८x३२ द्या, वजनाला हलकी पडते. विकत घेताना तिलाच दुकानात घेऊन जा, कारण दोन्ही नळ्या तिच्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जवळ येतात का हे बघावं लागतं, नाही आल्या तर तिला एकाच डोळ्यानं दिसेल आणि ती सांगणारही नाही.

शमा_नाशिक

आणि पहिले दोन दिवस दुर्बीण देऊच नका. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायची सवय होऊ दे.

तांबट_पुणे

पुण्यात असाल तर भिगवणला जाच, उजनीच्या फुगवट्यावर, दीडदोन तासांचा रस्ता. डिसेंबरात रोहित, चित्रबलाक आणि हिमालय ओलांडून आलेली पट्टकादंब बदकं असतात. पहाटे निघा. नावाड्यांना आधीच सांगून ठेवा की पक्ष्यांना उडवून दाखवू नका, लोक फोटोसाठी तसा आग्रह धरतात आणि ते थांबायला हवं. एका थव्याजवळ होडी बंद करून अर्धा तास बसायचे आहेत असं ठरवूनच जा.

बाकी दिवस घराजवळचं एकच झाड धरा. पुण्यात वड-पिंपळ फळले असतील तर तांबट, हळद्या, राखी धनेश, नशीब असेल तर आपला राज्यपक्षी हरियालसुद्धा एकाच झाडावर येतो.

मळ्याचीवाट

@एडिसनकर, डिसेंबरात सुगरणीचा हंगाम संपलेला असतो, नर पण मादीच्याच रंगाचे होऊन थव्यात मिसळलेले असतात. पण जुने खोपे झाडांवर लटकलेले असतात आणि पानं कमी असल्यानं छान दिसतात. सासवडकडे किंवा मुळशीकडे विहिरी, ओढे बघत चला, बाभूळ किंवा शिंदी दिसली की थांबा. मुलीला होकायंत्र द्या आणि खोपे झाडाच्या कुठल्या अंगाला आहेत ते बघायला सांगा, कुठले अर्धे सोडलेत ते मोजायला सांगा, मनोल्या आत-बाहेर करतात का ते बघायला बसवा. वहीत चित्र काढू दे.

आणि पुढच्या वेळी तिकीट नोव्हेंबरचं काढता आलं तर बघा. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा, तो आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, गावोगावी पक्षीनिरीक्षणाचे कार्यक्रम असतात. @माळावरचा, तुमच्याकडे ह्या वर्षी काही ठरलं तर इथेच टाका, नान्नजला मला यायचंय. माळढोक नाही दिसला तरी धाविक आणि चंडोल तुमच्याकडून शिकायचे आहेत.

माळावरचा

या की! मुक्कामालाच या, घर मोठं आहे. चुलते आता चालत नाहीत फार, पण गाडीतून माळापर्यंत येतात. पहाटे साडेपाचला निघावं लागेल, थंडी असते, कानटोपी आणा.